त्या गाड्यांना नाव द्या

उज्जैनमध्ये सध्या माळ्यांवरचं सामान खाली येतंय. २०२८चा सिंहस्थ तोंडावर आलाय, रस्ते रुंद होतायत, जुन्या वस्तीतली घरं मागे सरकतायत. तीन-तीन पिढ्यांत कुणी हात लावला नव्हता अशा पत्र्याच्या ट्रंका आता उघडल्या जातायत. त्यांतून जरीची लुगडी निघतात, पितळी डबे निघतात, ग्वाल्हेर दरबारच्या शिक्क्याचे कागद निघतात आणि फोटो निघतात. फोटोंची निवड मात्र घाईघाईने उरकली जाते. आजोबा, पणजी, मुंज, लग्न हे सगळं एका बाजूला. ज्यात ओळखीचा चेहरा नाही ते दुसऱ्या बाजूला, आणि तो ढीग रद्दीवाल्याकडे.

हा लेख त्या दुसऱ्या ढिगासाठी आहे. उज्जैन, ग्वाल्हेर, देवास, इंदूर, धार इथल्या मराठी घरांतून आणि तिकडे नागपूर-सोलापूर-मुंबईतून निघणाऱ्या अशा ढिगात कधीमधी एखाद्या बंद मोटारीचा फोटो असतो. मोटारीवर क्रूसाचं चिन्ह, मागे ताडपत्रीचा पडदा, पुढे पगडी किंवा साफा घातलेले चार-पाच जण. घरच्यांना वाटतं, कुठल्या तरी दवाखान्याची गाडी असेल. खरं तर ती युद्धातली रुग्णवाहिका असू शकते, लोकांच्या पैशातून किंवा संस्थानाच्या देणगीतून उभी केलेली. पुढे उभ्या असलेल्या माणसांची नावं कुठल्याही छापील पुस्तकात नाहीत. ती असलीच तर या फोटोतून आणि त्याच्या पाठीवरच्या अक्षरांतूनच मिळतील.

संस्थानी काळात उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात होतं. माधवराव शिंदे महाराजांचं नाव इथल्या माधवनगराला आहे, माधव कॉलेजला आहे. जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी याच राजाने केलेला खर्च मात्र शहर विसरून गेलं. १९०० साली चीनमध्ये सैन्य गेलं तेव्हा त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचं इस्पितळ-जहाज सज्ज करून दिलं आणि स्वतःही त्या मोहिमेवर गेले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर, डिसेंबर १९१४ मध्ये, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज त्यांनी विकत घेतलं. जानेवारी १९१५ मध्ये त्याचं नाव ‘लॉयल्टी’ झालं आणि ते हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज म्हणून समुद्रावर गेलं. याच युद्धात शिंद्यांनी मोटार-रुग्णवाहिकांचा ताफाही भेट दिला. लंडनमध्ये राजा पंचम जॉर्जने त्या गाड्यांची पाहणी केली.

राजाने साम्राज्याला खूश ठेवण्यासाठी हे केलं, असं कुणी म्हणेल. त्यावर वाद जरूर व्हावा. पण स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाच्या बाजूनेही एकदा बघायला हवं. नोव्हेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात टेसिफॉनची लढाई झाली. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. साताऱ्याची, रत्नागिरीची, कोल्हापूरची पोरं तिथे पडली. त्यांना उचलायला मोटारी नव्हत्या. होत्या त्या खेचरांच्या गाड्या, लोखंडी-लाकडी, स्प्रिंग नसलेल्या. मोडलेल्या मांडीचा माणूस त्या गाडीत घालून वाळवंटातून मैलोन्‌मैल नेला जायचा. या हलगर्जीची पुढे चौकशी झाली आणि १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला, तो वाचताना आजही पोटात गोळा येतो. म्हणून रुग्णवाहिकेचा जुना फोटो मी दागिन्याइतका जपण्याचा मानतो. त्या एका गाडीमुळे किती माणसं घरी परतली, हे विचारायची सुरुवात ती गाडी कोणती होती इथूनच करावी लागते.

आता एक फोटो जवळून पाहू. उज्जैनच्या भैरवगढ भागातल्या एका मराठी घरात तो निघाला, इथल्याच छिप्यांनी छापलेल्या कापडात गुंडाळलेला. पोस्टकार्डाच्या मापाचा आहे. कडा पिवळ्या पडल्यात, आणि काळ्या भागावर तिरपा उजेड पडला की चंदेरी तवंग चमकतो. तो मळ नव्हे. फोटोतली चांदी वर्षानुवर्षांच्या दमट हवेने पृष्ठभागावर येते, तिची ती चमक. (घरातल्या एकाने तो तवंग ओल्या फडक्याने पुसायला घेतला होता, वेळेवर थांबवलं. पुसला असता तर चित्रच गेलं असतं.) चित्रात पेटीसारखी मोटार आहे. चाकांच्या आरा लाकडी आणि जाड, तोफगाड्याच्या चाकाला असतात तशा. सुकाणू उजवीकडे. पुढचे दिवे मोठे, पितळी, आणि पायरीवर एक लहानसं नळकांडं. म्हणजे दिवे विजेचे नसून अॅसिटिलीन वायूचे. त्याच पायरीवर चाकाची नुसती धाव बांधलेली आहे, आराच नसलेली. हीच ती मूळची ‘स्टेपनी’. वेल्समधल्या लानेली गावच्या कंपनीने ती १९०४च्या सुमारास आणली. चाक फुटलं की ही धाव त्याच्यावर आवळून गाडी पुढे न्यायची. पुढे अख्खं चाक काढता-घालता येऊ लागलं आणि तिची गरज संपली.

एवढ्यावरूनही बरंच कळतं. ही गाडी युद्धासाठी नव्याने बांधलेली दिसत नाही. आधी ती कुणाची तरी खासगी मोटार असावी, मग मागचं अंग काढून तिच्यावर रुग्णवाहिकेची पेटी चढवली असावी. त्या काळी असं सर्रास होत असे. श्रीमंत लोक आपली गाडी देत, सुतार पेटी करून देत, रंगारी क्रूस काढून देत. पेटीच्या कडेला एक पाटी आहे. देणाऱ्याचं नाव अशा पाटीवरच लिहिलेलं असे. पण नेमका तिच्यापुढेच एक उंच गृहस्थ हात मागे बांधून उभा आहे. गाडीच्या नंबरातलं एक अक्षर आणि दोन आकडे दिसतात, बाकीचे दुसऱ्याच्या धोतराआड गेलेत. पाठीवर मोडीत दीड ओळ आहे. शाई उडाली आहे, फक्त ‘मोटार’ एवढा शब्द लागतो.

मला जे सांगायचंय ते इथे आहे. या फोटोचं उत्तर या घरात नाही. गटाचा फोटो काढला की फोटोग्राफर एकच प्रत काढत नसे, गटातल्या प्रत्येकाला एक मिळे. पाच माणसं उभी असतील तर पाच घरांत तोच फोटो गेला. शिवाय त्याच दिवशी, त्याच जागी, जरा बाजूला सरकून निगेटिव्हची आणखी एखादी काच खर्ची पडली असेल आणि त्यात तो उंच गृहस्थ पाटीवरून हललेला असेल. आपल्या प्रतीची पाठ उडाली, पण दुसऱ्या घरच्या प्रतीची शाबूत असेल. आपल्या प्रतीची कड चौकटीसाठी कापली, पण दुसरीची अख्खी असेल. तेव्हा ‘यात आपलं कुणी नाही’ म्हणून तुम्ही जो फोटो रद्दीत टाकता, तो दुसऱ्या एखाद्या घरातल्या पणजोबांचं नाव असतो. ग्वाल्हेरात, देवासात, पुण्यात किंवा लेकीबरोबर अमेरिकेत गेलेल्या एखाद्या आल्बममध्ये या फोटोचं दुसरं अर्धं आज पडलेलं असेल. ही जोडी जुळवणं हेच गाडी ओळखणं. ते एकट्यादुकट्याचं काम नाही, म्हणून ही हाक.

ओळखताना काय पाहायचं, ते थोडक्यात सांगतो. नुसत्या क्रूसावर जाऊ नका, क्रूस कुठल्याही गाडीवर चढवता येतो. पहिल्यांदा गाडीचं नाक बघा, म्हणजे रेडिएटर. प्रत्येक कंपनीची त्याची ठेवण वेगळी असे. फोर्डच्या ‘टी’ मॉडेलचं रेडिएटर १९१६पर्यंत पितळी होतं, १९१७च्या मॉडेलपासून काळं झालं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत फोर्ड सगळीकडे होती, त्यामुळे सापडलेली गाडी फोर्ड असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासावी. मग दिवे वायूचे की विजेचे. मग चाकं लाकडी आरांची की तारांची, मागे एकेक की जोडचाक. मग नंबर. इंग्लंडात नोंदलेल्या गाडीच्या नंबरातली अक्षरं नोंदणीची जागा सांगतात. एकटं ‘ए’ असेल तर लंडन, एकटं ‘एम’ असेल तर चेशर. ग्वाल्हेरच्या घरात निघालेल्या फोटोत विलायती नंबर दिसला तर गोंधळू नका. गाडी तिकडेच घेऊन तिकडेच दिलेली असू शकते.

आणखी एक सावधगिरी. त्या काळी युद्धाचे फोटो पोस्टकार्डं म्हणून विकले जात. तुमच्या पणजोबांनी ते बाजारातून घेतलेलं असेल. पाठीवर ‘पोस्ट कार्ड’ छापलं आहे का, चित्राखाली छापील मथळा आहे का, की पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात फोटोग्राफरचा उठावदार शिक्का आहे, हे बघून मगच ‘आमचे आजोबा यात होते’ असं म्हणा. विकतचं कार्ड निघालं म्हणून ते कमी मोलाचं होत नाही, पण त्याची जागा वेगळी. चुकीची ओळख एकदा चिकटली की ती कुटुंबाच्या इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते.

दुसऱ्या महायुद्धाची गाडी निराळी दिसते. ऑस्टिनची ‘के-टू’ ही १९४० ते ४५ मधली. मागे उंच, चौकोनी पेटी, चालकाच्या बाजूला दाराऐवजी ताडपत्री, आत चार स्ट्रेचर. मुंबईकरांकडे १९४४चे फोटो असतील तर ते विशेष जपा. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि जखमींना इस्पितळात पोचवायला मिळेल ती गाडी रुग्णवाहिका झाली. युद्धकाळामुळे बातमीवरही बंधन होतं. त्या दिवसांचं चित्र म्हणून घरगुती आल्बमांत जे काही उरलं असेल, त्याला तोड नाही.

नाव मिळाल्याने काय होतं, असं विचारणाऱ्यांना ‘लॉयल्टी’चं पुढचं सांगावंसं वाटतं. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये ते जहाज वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सोबत्यांनी घेतलं. वालचंद सोलापूरचे. कंपनीचं नाव पडलं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं, आणि त्याच तारखेला देश आज राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो. भाषणं होतात, हिंदी मालकीच्या जहाजाचं कौतुक होतं. पण त्याच जहाजाच्या पोटात दोन-तीन वर्षांपूर्वी जखमी शिपाई झोपलेले होते आणि ते शिंद्यांकडून आलं होतं, हे किती भाषणांत येतं? १९२३ साली जहाज मुंबईतच मोडीत निघालं. आता ते फक्त फोटोंत आहे. तीन डोलकाठ्या, दोन धुराडी, पुढे झुकलेला निमुळता नाळ, असं पांढरं जहाज घरच्या फोटोत दिसलं तर ‘कुठली तरी बोट’ म्हणून पान उलटू नका. इस्पितळ-जहाज असताना काढलेलं असेल तर कुशीवर आडवा पट्टा आणि क्रूस दिसेल.

नागपूर आणि सोलापूरकरांशी वेगळं बोलायचंय. १९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केलेलं असताना काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी चीनला मदत पाठवायची ठरवली. ७ ते ९ जुलैला देशभर निधी गोळा झाला, २२,००० रुपये जमले, आणि पाच डॉक्टरांबरोबर एक रुग्णवाहिकाही गेली. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. पाचांतले दोघे मराठी. डॉ. चोळकर नागपूरचे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच गेले, वय अवघं बत्तीस. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला, सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालं, ते नाव चीनमध्ये आजही घेतलं जातं. पण ती गाडी? आण्या-दोन आण्यांच्या वर्गणीवर उभी राहिलेली ती गाडी निधी देणाऱ्यांपुढे, निरोपाच्या सभांपुढे उभी केली गेली असेल तर तिचे फोटो कुणाच्या तरी घरी असणारच. वर्गणी गोळा करणारे कार्यकर्ते, निरोप द्यायला गेलेले वैद्यकीय विद्यार्थी, सभेचे स्वयंसेवक, या सगळ्यांच्या नातवंडांना माझी विनंती आहे. चीनच्या मोहिमेशी नातं आहे असं वाटणारा प्रत्येक फोटो पुन्हा काढा. चेहरे सोडून, यावेळी मागची गाडी बघा.

आता माणसांविषयी. गाडी ओळखली तरी शेजारी उभा कोण, हा प्रश्न राहतोच. या बाबतीत भैरवगढ आपल्या सगळ्यांच्या कामाला येण्यासारखं आहे. काळभैरवाचं देऊळ सगळ्यांना ठाऊक असतं, महादजी शिंद्यांनी देवाला पगडी वाहिली आणि शिंद्यांकडून पगडी येण्याची रीत पडली, हेही अनेकांनी ऐकलेलं असतं. त्याच भैरवगढात क्षिप्रेच्या काठी सिद्धवट आहे. पितृपक्षात इथे वडाला दूध वाहायला रांग लागते. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमान घराण्यांच्या वह्या आहेत, लांबट, लाल कापडात बांधलेल्या. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात आणि पणजोबांपासून नावं वाचायला लागतात. कोण आला, कुणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण भाऊ-चुलते होते. युद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचं श्राद्ध घरच्यांनी इथे केलं असेल तर त्याचं नाव त्या वहीत असेल. फोटोत चेहरा आहे, वहीत नाव आहे. या दोघांची गाठ घालून द्यायला कुणी तरी हवंय. एक मात्र पाळा. वही पुरोहिताची पिढीजात ठेव आहे. आपल्याच घराण्याचं पान मागा, दक्षिणा द्या, विचारल्याशिवाय मोबाइल काढू नका.

घरी करायच्या गोष्टी फार नाहीत, पण आजच करायच्या आहेत. आल्बम फोडू नका. कोणत्या फोटोशेजारी कोणता लावला होता, हीसुद्धा माहिती असते. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, फेव्हिकॉल तर नकोच. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट त्याचाच फोटो घ्या. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल फोटोच्या अगदी वर सरळ धरून पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू टिपा. पाठीवर काही लिहिलेलं दिसत नसलं तरी टिपा, तिरप्या उजेडात उडालेली अक्षरं वर येतात. स्कॅनर मिळाला तर ६०० डीपीआय ठेवा. नवं काही लिहायचंच असेल तर पाठीवर, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर सगळ्यात आधी फोटो त्यांच्यापुढे ठेवा. ‘हा कोण’ असं विचारू नका, त्याने माणूस अडखळतो. ‘ही मोटार कुठली’ असं विचारा. मोटारीवरून गाव आठवतं, गावावरून माणूस आठवतो. मी हे अनेकदा होताना पाहिलंय.

जुन्या आल्बमांचा व्यापार करणाऱ्यांविषयी स्पष्ट सांगायला हवं. पगड्या आणि मोटारी असलेले फोटो महाग जातात, म्हणून आल्बम घेऊन तो पान-पान वेगळा करून विकला जातो. विकायचाच असेल तर अख्खा विका, आणि विकण्याआधी प्रत्येक पानाची प्रत घरात ठेवा. पैशांची गरज खरी असते, तिला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण प्रत ठेवायला पैसा लागत नाही.

आणि काही मागणं संस्थांकडे आहे. उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या संस्थेत १९३१पासून हस्तलिखितं जपली जातायत. तिथे पोथीला जी आस्था मिळते ती फोटोच्या पाठीवरच्या दीड ओळ मोडीलाही मिळावी. विष्णु श्रीधर वाकणकर याच शहरात राहिले. ज्यांना भीमबेटकाच्या खडकांवरची चित्रं दिसली, त्यांच्या गावात शंभर वर्षांपूर्वीची मोटार न ओळखता रद्दीत जावी हे बरं दिसत नाही. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून उभं आहे आणि महाराष्ट्रात मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात. तिथे शिकणाऱ्या मुलांनी सरावासाठी छापील नमुने घेण्याऐवजी माळव्यातल्या घरांतली ही पाठमोरी अक्षरं घ्यावीत. माळव्यातल्या प्रत्येक मराठी मंडळाने गणेशोत्सवातली एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. भिंतीवर फोटो लावायचे, प्रत्येकाखाली कोरा कागद, ज्याला जे आठवेल ते त्याने लिहायचं. बक्षीस समारंभ नाही झाला तरी चालेल. गॅरेजवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मानाने बोलवा, रेडिएटर आणि चाक त्यांच्याइतकं कुणाला कळणार नाही.

येत्या पितृपक्षात सिद्धवटावर येणार असाल तर तिळाच्या पुडीबरोबर फोटोची एक प्रत आणा, मूळ फोटो नको. भैरवगढच्या ज्या फोटोविषयी मी लिहिलं, त्यातल्या गाडीच्या नंबरातलं एकच अक्षर दिसतंय आणि पाटी झाकलेली आहे. पायरीवर आरा नसलेली स्टेपनी, पितळी दिवे, हात मागे बांधलेला उंच माणूस, एवढ्या खुणा आहेत. तुमच्या ट्रंकेत हाच गट, हीच मोटार असेल तर तुमच्या प्रतीत तो माणूस कुठे उभा आहे ते कळवा.